भिंतीपासून खोलीपर्यंत : घरांतील प्रकाशतंतु आणि वाय-फाय

घरांतील नळ कोरडा पडला, तर कोणतीहि चतुर गृहिणी प्रथम दुसऱ्या नळाची तोटी फिरवून पाहते, मग गच्चीवरील टाकींत पाणी आहे कीं नाहीं याची चौकशी करते, आणि त्यानंतरच महापालिकेच्या नांवानें बोटें मोडते. वीज गेली, तर समोरच्या इमारतींत दिवे आहेत कीं नाहींत हें पाहिल्यावांचून कोणी वायरमनला बोलावीत नाहीं. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें आलेला हा शहाणपणा इंटरनेट बंद पडतांच मात्र नाहींसा होतो. ‘नेट गेलें’ एवढे दोन शब्द उच्चारून सारें घर हातपाय गाळून बसतें. कोणी राउटरचें बटण चारदां बंद-चालू करतो, कोणी कंपनीला फोन लावतो, तर कोणी अधिक वेगाची आणि अधिक पैशाची योजना घेण्याचा निश्चय करतो. वास्तविक ‘नेट गेलें’ हें रोगाचें निदान नव्हे. ती नुसती कण्हण्याची भाषा झाली.

हा प्रश्न आतां केवळ करमणुकीचा राहिलेला नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सामान्य जनतेस इंटरनेटचें द्वार खुलें केलें, तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट एवढ्याच गतीनें मजकूर येत असे, आणि तो न आला तर कोणाचें फारसें अडतहि नसे. आज पेन्शनर गृहस्थाचा हयातीचा दाखला, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, डॉक्टरांचा दुरून मिळणारा सल्ला आणि परदेशीं गेलेल्या मुलाचें दर्शन, हीं सर्व एकाच कांचेच्या धाग्यावरून घरांत येतात. तो धागा कोठें अडला हें ओळखण्याची कला घरच्या माणसांस अवगत असणें म्हणूनच अगत्याचें आहे. आणि ती कला मुळींच कठीण नाहीं.

या वाटेचे चार टप्पे आहेत. रस्त्यावरून भिंतींतून आंत येणारा कांचेचा तंतु हा पहिला. त्या तंतूंतील प्रकाशाचें विद्युत्‌संदेशांत रूपांतर करून कंपनीकडे घराची ओळख पटविणारी ओ.एन्.टी. नांवाची पेटी हा दुसरा. आलेला प्रवाह घरांतील अनेक यंत्रांना वांटून देणारा राउटर हा तिसरा. पुष्कळ घरांत ओ.एन्.टी. आणि राउटर एकाच पेटींत नांदतात. राउटरपासून हातांतील फोनपर्यंतची हवा हा चौथा. दोष शोधण्याचा नियम एकच : बाहेरून आंत यावें, एका वेळीं एकच टप्पा तपासावा, आणि तो निर्दोष ठरल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये.

पहिला टप्पा कांचेचा. कांचतंतूंच्या जुडींतून चित्र पलीकडे नेतां येतें, हें पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडनमध्यें प्राध्यापक हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्यें प्रसिद्ध केलें. परंतु त्या काळच्या कांचेंत थोड्याच अंतरावर प्रकाश विझून जाई. हा दोष कांचेचा नसून तींतील अशुद्ध द्रव्यांचा आहे, असें चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनीं १९६६ मध्यें इंग्लंडांत प्रतिपादिलें. १९७० मध्यें अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं पुरेसा शुद्ध तंतु प्रत्यक्ष ओढून दाखविला. आणि २००९ मध्यें काओ यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज असा तंतु छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथेंहि तयार होतो. ज्या गाभ्यांतून प्रकाश वाहतो त्याचा व्यास अवघा सुमारें ९ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक.

एवढ्या नाजुक वस्तूचे शत्रु घरांतच असतात. सोफा भिंतीशीं सरकवतांना तंतु चेंगरतो, दाराच्या फटींत तो चावला जातो, आणि टापटिपीच्या हौसेनें कोणी त्याचें आवळून वेटोळें करतो. तार वांकविली तरी वीज वाहते. कांच फार वांकविली कीं प्रकाश तिच्या कडेनें बाहेर सांडतो. म्हणून वेटोळें आमटीच्या वाटीच्या तोंडाइतकें तरी रुंद असावें. पेटीवरील एल्.ओ.एस्. हा दिवा तांबडा झाला, तर प्रकाश पेटीपर्यंत पोंचत नाहीं असें निश्चित समजावें. अशा वेळीं पेटी बंद-चालू करणें व्यर्थ आहे. तंतु कोठें मुडपला किंवा टोंकाशीं सैल झाला आहे का, एवढें पाहावें. तसें नसेल तर दोष बहुधा बाहेरचा, आणि तो कंपनीच्या माणसानेंच दुरुस्त करावयाचा. येथें दोन पथ्यें पाळावीं. तंतूच्या उघड्या टोंकांत डोकावून पाहूं नये. येणारा प्रकाश १,४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो, आणि न दिसणारी वस्तु निरुपद्रवी असतेच असें नाहीं. दुसरें, हिरव्या रंगाचें टोंक हिरव्याच जोडणींत बसवावें. हिरव्याचें तोंड तिरपें घासलेलें असतें, निळ्याचें सरळ; दोहोंचा संयोग केल्यास मध्यें फट राहून प्रकाश वायां जातो.

कित्येकदां तांबडा दिवा लागत नाहीं, तरीहि जोडणी दिवसांतून दहादां तुटते. अशा वेळीं राउटरच्या माहितीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचें बळ किती दाखविलें आहे तें पाहावें. तें उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर चिंता नको. भारतांत सर्रास चालणाऱ्या जीपॉन पद्धतींतील नेहमींच्या पेट्या उणे २७ पर्यंत, म्हणजे एका वॅटच्या सुमारें पांच लाखाव्या भागापर्यंत, प्रकाश ओळखूं शकतात. त्याहून तो मंद झाला कीं त्या चांचपडूं लागतात. कंपनीस हा एक आंकडा सांगितला, तर अर्ध्या तासाचा वादविवाद वांचतो.

दुसऱ्या टप्प्याचा साक्षीदार म्हणजे पॉन नांवाचा दिवा. तो स्थिर असेल तर कंपनीनें घर ओळखलें. लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो आहे, पण ओळख पटलेली नाहीं. तिसऱ्या टप्प्यावर इंटरनेट नांवाचा दिवा असतो. पॉन स्थिर असूनहि तो विझलेला किंवा तांबडा राहिला, तर बिल थकलें आहे कीं काय हें आधीं पाहावें, आणि मग ग्राहकाचें नांव व परवलीचा शब्द राउटरमध्यें बरोबर भरलेला आहे कीं नाहीं तें पाहावें. पेटीच्या पाठीमागें टांचणीनें दाबावयाचें एक बारीक छिद्र असतें. पेटीचें बटण बंद करून चालू करणें म्हणजे झोंपलेल्यास उठविणें. पण हें छिद्र दाबून ठेवणें म्हणजे त्याची स्मृतीच पुसून टाकणें होय. ग्राहकाचें नांव, परवलीचा शब्द, वाय-फायचें नांव, सर्व एका क्षणांत जातें, आणि लहानशा दोषाचा मोठा होतो. कंपनीनें सांगितल्याखेरीज त्या छिद्राच्या वाटेस जाऊं नये.

आतां मुख्य कसोटी. संगणक राउटरला तारेनें जोडावा आणि वेग मोजावा. तारेवर कराराप्रमाणें वेग मिळाला, तर तंतु, पेटी आणि कंपनी तिघेहि निर्दोष ठरतात. मात्र मोजतांना दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. कंपनी बिटांत बोलते आणि संगणक पुष्कळदां बाइटांत. एका बाइटांत ८ बिट असतात, म्हणून १०० मेगाबिटांच्या योजनेंत सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसणें ही फसवणूक नव्हे. तसेंच ३०० मेगाबिटांची योजना असून तारेवरचा वेग ९५ च्या घरांतच अडून राहत असेल, तर तारेची एखादी जोडी तुटलेली असते किंवा राउटरचें जुनें द्वार शंभरांपलीकडे जाऊंच शकत नाहीं. शंभरांस तारेच्या चारांपैकीं दोन जोड्या पुरतात. हजारांस चारहि लागतात. केवळ सायंकाळींच वेग उतरत असेल, तर एकाच तंतूच्या ३२ किंवा ६४ शाखा करून तितक्या घरांस वांटलेला प्रवाह सर्वजण एकदम वापरीत असणेंहि संभवतें. ती तक्रार मात्र कंपनीकडे न्यावी.

बहुसंख्य घरांचें दुखणें याच्याहि पुढें, चौथ्या टप्प्यांत असतें. समजा, एका कुटुंबाच्या मागील खोलींत मुलाचा वर्ग अडखळतो, म्हणून वडील १०० मेगाबिटांची योजना सोडून ३०० ची घेतात. पहिल्या खोलींत वेग तिप्पट होतो. मागील खोलींत पूर्वींप्रमाणेंच पंधरा. बिल मात्र दरमहा वाढतें. कारण रस्त्यापासून पेटीपर्यंतची नळी रुंद केली, पण पेटीपासून खोलीपर्यंतची वाट होती तेवढीच अरुंद राहिली. राउटर दारामागें, लोखंडी कपाटाच्या आडोशाला किंवा टी.व्ही.च्या मागें बसविलेला असतो. कां, तर तंतु तेथेंच आंत आला आणि कारागिराला घाई होती. रेडिओलहरींना धातूचें कपाट म्हणजे भिंतीपेक्षां मोठी भिंत. आरसा, पाण्याची टाकी आणि सळ्या घातलेलें कॉंक्रीट हींहि त्यांस अडवितात. राउटर घराच्या मध्यभागीं, छातीइतक्या उंचीवर, मोकळ्यावर आणावा. त्यासाठीं आठ-दहा मीटर लांब तार लागली, तर तिचा खर्च वाढीव योजनेच्या कित्येक महिन्यांच्या फरकाहून कमीच येईल.

राउटर सामान्यतः दोन आवाजांत बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा आवाज भरड, पण दूर जाणारा; ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान, पण भिंतींत लौकर विरणारा. जवळच्या यंत्रांस दुसरा द्यावा, लांबच्यांस पहिला. २.४ मध्यें शेजाऱ्यांची दाटी फार. शिवाय मायक्रोवेव्ह भट्टीहि त्याच पट्ट्यांत गुणगुणते. तेथें १, ६ आणि ११ हेच मार्ग एकमेकांच्या अंगावर न येणारे आहेत, म्हणून तिघांपैकीं ज्यावर गर्दी कमी तो निवडावा. घर लांबट असेल आणि मध्यभागींहि काम भागत नसेल, तर मागील खोलींत दुसरें यंत्र तारेनें जोडून बसवावें. तारेविना केवळ ऐकलेलें पुन्हां उच्चारणारें स्वस्त यंत्र एकाच तोंडानें ऐकतें आणि बोलतें, त्यामुळें वेग सुमारें निम्मा होतो.

या चारहि टप्प्यांच्या पायाशीं वीज आहे, आणि येथें गोष्ट केवळ सोयीची राहत नाहीं. जुन्या तांब्याच्या तारेवरील टेलिफोन घरांत काळोख पडला तरी चाले. कारण त्यास लागणारी सुमारें ४८ व्होल्टची वीज टेलिफोन केंद्रांतील बॅटऱ्यांतून येत असे. कांचेंतून प्रकाश येतो, यंत्र चालविणारी वीज येत नाहीं. ज्या घरांतला टेलिफोन आतां तंतूवर गेला आहे, तेथें वीज जातांच तो मुका होतो. एकटी राहणारी आजी रात्रीं पाय घसरून पडली, आणि संवयीनें तिनें तोच फोन उचलला, तर त्यांतून कांहींच ऐकूं येणार नाहीं. म्हणून पेटीस लहानशी बॅटरी जोडावी. पुष्कळ पेट्यांना १२ व्होल्ट लागतात; तरी बॅटरी घेण्यापूर्वीं पेटीवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचावे, आणि ओ.एन्.टी. व राउटर वेगळे असतील तर दोहोंनाहि ती जोडावी. आजीच्या उशाशीं एक भारलेला मोबाइल फोनहि असावा. घरांतल्या कोणत्याहि दुरुस्तीहून ही व्यवस्था अधिक मोलाची आहे.

दाराला कडी लावण्याचेंहि विसरूं नये. राउटरबरोबर आलेला कारखान्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, डब्ल्यू.पी.ए. दोन किंवा तीन या पद्धतीचेंच कुलूप ठेवावें. आणि पाहुण्यांकरितां वेगळें नांव उघडावें.

शेवटीं, कपाटाच्या दाराला आंतून एक कागद चिकटवावा. त्यावर ग्राहक क्रमांक, सर्व कांहीं सुरळीत असतांना कोणते दिवे कसे दिसतात, प्रकाशाचें बळ किती आणि तारेवरचा वेग किती, हें लिहून ठेवावें. ज्यानें निरोगी नाडी मोजून ठेविली आहे त्यासच ताप ओळखतां येतो. तक्रार नोंदवितांना ‘नेट गेलें’ असें न म्हणतां ‘सकाळीं सातपासून एल्.ओ.एस्. तांबडा आहे’ असें जो सांगतो, त्याच्याकडे तंतु जोडणारा माणूस येण्याचा संभव अधिक. एरव्हीं बहुधा पेटी बंद-चालू करण्याचा उपदेशच पदरीं पडतो. त्या कागदास एक पान आणि एक सायंकाळ एवढाच खर्च आहे, आणि तो घरांतील दहा वर्षांच्या मुलासहि वाचतां येतो.