स्त्रीचा अंतःस्राव, वृद्ध पुरुषाचें औषध

माहुलच्या खाडीपासून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयापर्यंतचें अंतर फार नाहीं. परंतु लघवीची तक्रार सांगावयास तेथवर जाणें साठी उलटलेल्या पुरुषास संकोचामुळें जड जातें. ही तक्रार पुष्कळदां पौरुषग्रंथीच्या साध्या वाढीची असते. कधीं मात्र तेथें कर्करोग दडलेला असतो.

हें रुग्णालय 1941 सालीं उघडलें. त्याच वर्षीं शिकागो येथें चार्ल्स हगिन्स यांनीं दाखवून दिलें कीं, हा कर्करोग पुरुषाच्या अंतःस्रावावर पोसतो. वृषणें काढून अथवा एस्ट्रोजेन हा स्त्रीचा अंतःस्राव देऊन तो तोडला, तर रोगास उतार पडतो. या कार्याबद्दल त्यांस 1966 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

प्रथम स्टिल्बेस्ट्रॉलच्या गोळ्या आल्या. त्या स्वस्त होत्या व गुणकारीहि. परंतु पोटांत घेतलेलें असें औषध आधीं यकृतांत जातें आणि तेथें रक्त गोठविणारीं द्रव्यें वाढवितें. 1967 सालीं अमेरिकेंतील पाहणींत आढळलें कीं, मोठ्या मात्रेनें कर्करोग आवरला, तरी हृदयविकारानें होणारे मृत्यु वाढले.

त्याआधींच स्वीडनमध्यें पॉलिएस्ट्राडिओल फॉस्फेट हें कृत्रिम द्रव्य निघालें होतें. एस्ट्राडिओलचे रेणु फॉस्फोरिक आम्लाच्या दुव्यांनीं एका साखळींत गुंफलेले असतात. तें स्नायूंत टोचल्यावर शरीरांतील पाचकद्रव्यें हे दुवे सावकाश तोडतात. म्हणून महिन्याकांठीं एक सुई पुरते. रक्तांत एस्ट्राडिओल पाहून मेंदूच्या तळची ग्रंथि वृषणांना चेतविणें सोडते, आणि पुरुषाचा स्राव आटतो.

तथापि हें औषधहि निर्दोष नाहीं. त्यानें पुरुषाची छाती सुजते. 2002 सालच्या स्कॅन्डिनेव्हियन पाहणींत रुग्णांचें आयुष्य दुसऱ्या उपचाराइतकेंच ठरलें, पण हृदयाच्या तक्रारी अधिक आढळल्या. म्हणून आज बहुधा दुसरीं इंजेक्शनें आधीं दिलीं जातात. मात्र त्यांनीं हाडें ठिसूळ होतात, तर एस्ट्रोजेन हाडें राखतें. यासाठीं ब्रिटनमध्यें तें त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीनें देऊन पाहिलें. 2021 सालच्या अहवालांत हृदयाचा धोका इंजेक्शनांहून वाढलेला दिसला नाहीं.

एकच द्रव्य, पण तें पोटांतून, स्नायूंतून कीं त्वचेंतून जातें, यावर त्याचें गुणावगुण ठरतात. ती निवड वैद्याची. वेळीं तोंड उघडणें मात्र रुग्णाचें काम. आणि तो गप्प असेल, तर त्यास बोलतें करणें घरच्यांचें.