परतलेल्या स्वाराची सायकल



भद्रावतीस येऊन वाहनाच्या निवडीवर बोलावे, हे एका अर्थी उचितच आहे. पांडवांच्या यज्ञासाठी जो श्यामकर्ण घोडा हवा होता तो भीमाने यौवनाश्व राजाच्या भद्रावती नगरीतून आणला, अशी जैमिनीच्या अश्वमेधाची कथा आहे. आणि ती नगरी म्हणजे हेच आपले गाव, अशी येथील परंपरा आहे. तेव्हा वाहन पारखून घेण्याची विद्या या मातीला परकी नाही. आमचा आजचा विषय त्याहून साधा आहे. ज्याने पंधरा-वीस वर्षांपूर्वी सायकल सोडली आणि ज्याला ती आता पुन्हा धरावयाची आहे, त्याने दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कशी पारखावी, एवढाच.

या भागाला सायकलीची ओळख करून द्यावयास नको. आयुध निर्माणीत आणि कोळशाच्या खाणींत पाळीवर जाणारी माणसे सायकलीवरूनच जात. येथून वीस-एक किलोमीटरवर वरोड्याला बाबा आमटे यांचे आनंदवन. त्यांच्या हाकेला ओ देऊन 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा तरुण-तरुणींनी काश्मीरपर्यंतचा पाच हजार किलोमीटरांचा रस्ता सायकलीवर तोडला. त्या सायकलींना ना गिअर होते, ना सस्पेन्शन. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, सायकल चालते ती पायांनी आणि मनाने; यंत्र त्यांना साह्य करते, त्यांची जागा घेत नाही.

मग हे नवे यंत्र आले कोठून? अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील मरिन परगण्यात, 1970 नंतरच्या दशकात, काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. 1976 साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. उतार इतका तीव्र की मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि दरवेळी ते नव्याने भरावे लागे. पुढे अशा वापरासाठी मुद्दाम फ्रेमी बनू लागल्या. 1990 च्या सुमारास पुढच्या चिमट्यात सस्पेन्शन आले, त्यामागोमाग मागच्या चाकाकडे आले. आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. म्हणजे हे वाहन जन्मले ते खडकाळ उतारासाठी. आपल्या कामाला ते कितपत येईल, हा विचार येथूनच सुरू होतो.

सस्पेन्शन म्हणजे काय, हे मोटारसायकल चालविणाऱ्यांना नव्याने सांगावे लागणार नाही. त्याचे दोन भाग असतात. एक स्प्रिंग, ती लोखंडी असेल किंवा कोंडलेल्या हवेची असेल. ती धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती तसाच परत फेकू पाहते. त्या फेकीला आवर घालण्यासाठी दुसरा भाग, बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल. स्प्रिंग आहे पण तेलाचा आवर नाही, अशी सायकल खड्ड्यातून गेली की कोकरासारखी उड्या मारते. बाजारात पंधरा-वीस हजारांत दोन्ही बाजूंनी स्प्रिंगा लावलेल्या ज्या सायकली दिसतात, त्यांत बहुधा हेच असते. स्प्रिंग दिसते, तेल नसते. सांधे ढिले, वजन भरमसाट. आणि पायडलवर मारलेला जोर चाकाकडे जाण्याऐवजी सीट खालीवर हलविण्यात खर्च होतो. परतलेल्या स्वाराने ही सायकल घेतली की पहिल्या महिन्यातच त्याला वाटू लागते, आपले वय झाले. वय झालेले नसते. सायकल वाईट असते. पण तो निकाल स्वतःविरुद्ध देतो आणि सायकल ओसरीवर कायमची टांगली जाते. आम्ही हा विषय आपल्यापुढे ठेवतो तो या एका कारणासाठी. येथे पैसा बुडतो तो थोडा. पुन्हा उभे राहू पाहणारे मन बसते, ते नुकसान मोठे.

म्हणून पहिला नियम असा की, ऐपत जर वीस-पंचवीस हजारांची असेल, तर सस्पेन्शनचा मोह सोडावा आणि साध्या चिमट्याची, रुंद टायरची, चांगल्या ब्रेकची सायकल घ्यावी. खऱ्या अर्थाने दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन असलेली चांगली नवी सायकल लाखाच्या पुढे जाते. मधल्या ऐपतीच्या माणसाने केवळ पुढच्या चिमट्यात हवेचे सस्पेन्शन असलेली घ्यावी. तीत कमीपणा काही नाही.

मग दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन घ्यावे कोणी? ज्याची कंबर, मान किंवा मनगटे धक्क्यांनी दुखतात. ज्याला दगडगोट्यांच्या पायवाटांवर, खाणीकडच्या उखडलेल्या रस्त्यांवर तास-दोन तास जावयाचे आहे. आणि ज्याला तिची निगा राखण्याची तयारी आहे, त्याने. पन्नाशीच्या कंबरेला मागच्या चाकाचे सस्पेन्शन ही चैन नव्हे. आयुष्यभर घरकामात वाकलेल्या भगिनींनाही हे तितकेच लागू आहे.

आता माप. चाक किती खालीवर होऊ शकते, ते मिलिमीटरमध्ये सांगतात. 100 ते 120 ची सायकल हलकी आणि चढाला चपळ; 130 ते 150 ची मध्यम; 160 च्या पुढची आणि 200 ची पर्वताच्या उतारावर झेप घेणाऱ्यांची. दुकानदार मोठा आकडा कौतुकाने सांगेल. पण भद्रावतीभोवती विजासन लेण्यांची टेकडी आहे, हिमालय नाही. येथे 120 च्या आसपासची सायकल पुरे. त्याहून अधिक घेतले तर सपाट रस्त्यावर उगाच ओझे वाहावे लागते.

सस्पेन्शन घेतले, पण अंगाला बेतले नाही, तर ते व्यर्थ. आपण नेहमीच्या कपड्यांनिशी सीटवर बसलो की मागचा शॉक आपल्या चालीच्या पाव हिश्शापासून तीस टक्क्यांपर्यंत दबला पाहिजे. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. ती खाली सरकवावी, हलकेच बसावे, हलकेच उतरावे आणि कडी कोठवर गेली ते मोजावे. दांड्याची चाल 50 मिलिमीटर असेल, तर कडी बारा ते पंधरा मिलिमीटर सरकलेली असावी. कमी सरकली तर हवा काढावी, जास्त सरकली तर भरावी. त्यासाठी निराळा, बारीक पंप लागतो. तो सायकलीबरोबरच मागून घ्यावा. ऐंशी किलोच्या गृहस्थांची आणि पंचावन्न किलोच्या बाईंची हवा सारखी असू शकत नाही. एवढी साधी गोष्ट न केल्यामुळे कित्येकांना महाग सायकलही धोंड्यासारखी वाटते.

येथल्या मातीचे तीन शत्रू सांगतो. पहिला बाभळीचा आणि बोरीचा काटा. त्यावर ट्यूब नसलेला टायर आणि आत चिकट द्रव, हा उत्तम उपाय आहे. काटा रुतला की द्रवच भोक बुजवितो. मात्र आपल्या उन्हाळ्यात तो द्रव लवकर सुकतो. दोन-तीन महिन्यांनी पाहून नवा घालावा. दुसरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती टायर आणि फ्रेम यांच्या फटीत बसून चाक जाम करते. म्हणून सायकल घेतानाच ती फट बोट सहज फिरेल इतकी मोकळी आहे ना, ते पाहावे. तिसरा कोळशाची धूळ. ती तेलकट दांड्यांवर बसते आणि रबरी सिले खाते. प्रत्येक फेरीनंतर दांडे मऊ फडक्याने पुसावे. जोराच्या पाण्याचा फवारा सांध्यांवर कधीही मारू नये. पुढच्या चिमट्याच्या खालच्या भागातील तेल सुमारे पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावे, असे बहुतेक कारखानदार सांगतात. हे काम नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचे नव्हे. तेव्हा चंद्रपूरला किंवा नागपूरला ते कोण करून देतो, याची चौकशी आधी करावी आणि पैसे मग मोजावे.

जुनी सायकल घेणाऱ्यांसाठी चार कसोट्या. सीट धरून मागचा भाग किंचित उचलावा. खटका जाणवला तर सांधे झिजलेले समजावे. चिमट्याच्या दांड्यांवर ओरखडे आहेत काय ते नखाने पाहावे. फ्रेमच्या जोडांपाशी केसाएवढीही चीर असेल तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि शॉकमध्ये हवा भरून रात्रभर ठेवावी. सकाळी ती उतरली असेल तर सौदा थांबवावा.

सायकल झाली, आता स्वार. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी, प्रथम डॉक्टरांना विचारावे. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक राहील इतकी सीट उंच ठेवावी. खाली बसविलेली सीट गुडघे खाते. पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, सपाटीवर. बोलता येईल इतक्याच वेगाने. शिरस्त्राण पहिल्या दिवसापासून घालावे.

येथे आपल्या भूमीचा एक पेच आहे, तो लपवून चालणार नाही. चांद्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. ऊन सांगते की पहाटे निघा. पण ताडोबाच्या आसपासचे रान सांगते की पहाटे निघू नका. मोहफुले आणि तेंदूपाने वेचावयास गेलेली किती माणसे वाघाच्या तावडीत सापडली, ते या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. ती बिचारी पोटासाठी जातात. आपण हौसेसाठी जाणार. तेव्हा हौशी माणसाने अधिक सांभाळून असावे. उन्हाळ्यात पहाटेची फेरी गावातील वस्तीच्या रस्त्यांवर करावी. रानालगतची वाट हिवाळ्यासाठी ठेवावी. तीही चांगले उजाडल्यावर, चौघांच्या सोबतीने आणि वनखात्याने जेथे मुभा दिली असेल तेथेच. वाघ दिसला तर पळ काढू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून, सायकल मध्ये धरून हळूहळू मागे सरावे. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर अंधारात जाऊच नये. कोणत्याही शॉकला तो धक्का सोसणार नाही.

सारांश असा की, जमीन पाहून माप ठरवावे, शरीर पाहून हवा भरावी, ऐपत पाहून सस्पेन्शन घ्यावे किंवा सोडावे, आणि दुरुस्तीची सोय पाहून मगच खरेदी करावी. जी सायकल दुकानात सर्वांत दिमाखदार दिसते ती नव्हे, तर जी तिसऱ्या महिन्यातही दारातून बाहेर काढावीशी वाटते, ती आपली.