माळा हवाबंद करायचा म्हणजे काय?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



गळती म्हटली की आपल्याला पावसाळा आठवतो. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना जरा जास्तच. पंचवीस वर्षांत आपल्या गच्चीवर कोबा झाला, डांबर झालं, केमिकल झालं, आणि त्यावरून जनरल बॉडीत भांडणंही झाली. पण पाऊस नाही, आकाश निरभ्र, छान ऊन पडलंय आणि छत गळतंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते कॅनडात, कॅलगरीला. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं आज थंड देशांत नवी घरं बांधताहेत, आईवडिलांची थोडीफार पुंजीही त्यात जाते. म्हणून हा विषय घेतला.

तिथली घरं लाकडी, छप्पर उतरतं. छप्पर आणि खोल्यांचं सिलिंग यांच्यामध्ये जी त्रिकोणी पोकळी राहते ती अ‍ॅटिक. कोकणातला माळा डोळ्यांपुढे आणा, फक्त तिथे सहसा कोणी चढत नाही; सिलिंगला एक चौकोनी झाकण असतं तेवढंच. बोलण्यात ‘माळा हवाबंद करायचा’ म्हणतात, पण माळा स्वतः उघडाच ठेवतात. वळचणीला आणि आढ्याजवळ झरोके असतात, तिथून बाहेरची थंड हवा खेळलीच पाहिजे. हवाबंद करायची असते ती माळ्याची जमीन, म्हणजे खालच्या खोल्यांचं सिलिंग. ही गोष्ट समजायला मला दोन दिवस लागले, तेव्हा तुम्ही घाई करू नका.

आता कारण. गरम हवा वर जाते. बाहेर उणे २० आणि घरात २१ अंश असले की सगळं घर धुराड्यासारखं वागतं. खालून थंड हवा ओढतं आणि वरच्या फटींतून गरम हवा माळ्यात ढकलतं. त्या हवेत आपल्या आंघोळीची, भाताची, श्वासाची वाफ असते. २१ अंशाला एक घनमीटर हवा सुमारे १८ ग्रॅम पाणी धरू शकते, उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. मग उरलेली वाफ छपराच्या आतल्या फळ्यांवर हिम होऊन बसते. आठवडेच्या आठवडे साठते, आणि खाली कोणाला पत्ता नसतो.

कॅलगरीला रॉकी पर्वतावरून शिनूक नावाचा गरम वारा येतो. काही तासांत पारा वीसेक अंश वर जातो. हिम एकदम वितळतं आणि सिलिंगमधून ठिबकायला लागतं. तिथले लोक याला ‘अ‍ॅटिक रेन’ म्हणतात, माळ्यातला पाऊस! मुलीच्या शेजाऱ्यांचं घर जेमतेम वर्षाचं. त्यांच्या दिवाणखान्यात बादल्या ठेवल्या होत्या, आणि ते बिचारे छपराचे पत्रे तपासणाऱ्याला फोन करत होते. छपराला काहीच झालं नव्हतं. बाथरूमच्या पंख्याचा पाइप बाहेर काढण्याऐवजी माळ्यातच उघडा सोडला होता.

मुलीचं घर तेव्हा बांधकामात होतं. सांगाडा उभा, आतून बोर्ड लागायचे होते. आम्ही तिघं टॉर्च घेऊन गेलो. सिलिंगला प्लास्टिकचा जाड कागद लावलेला असतो. त्याचे जोड एकमेकांवर चढवून, मध्ये कायम चिकट राहणारा काळा सीलंट भरायचा असतो. जोड ठीक होते. पण दिव्यांच्या डब्यांभोवती इलेक्ट्रिशियनने कागद हवा तसा फाडला होता. सांडपाण्याच्या वायुनलिकेभोवती हात जाईल एवढं भोक. पंख्याभोवती तेच. मधल्या भिंतींच्या डोक्यावर तर कागदाची पट्टी छपराच्या कैच्या बसवण्याआधीच घालावी लागते, ती सुदैवाने घातलेली होती.

सुपरवायझर म्हणाला, “वर दीड फूट इन्सुलेशन पडणार आहे, काय फरक पडतो?” फरक असा, की काचतंतूंचा तो कापूस उष्णता अडवतो, हवा अडवत नाही. स्वेटर घालून पहाटे स्कूटरवर जाऊन बघा, वर विंडचीटर लागतोच. शिवाय त्या ढिगाखाली भोक कुठे आहे ते नंतर शोधणार कोण? मुलगी म्हणाली, भोकं बुजवल्याशिवाय बोर्ड लावू देणार नाही. दोन दिवस काम थांबलं, थोडी बोलाचाली झाली. जावई गप्प, मी पण गप्प. पण ती हटली नाही. (बँकेत कॅश जुळल्याशिवाय तिजोरी बंद न करणाऱ्याची मुलगी.) दिव्यांना रबरी कडेचे हवाबंद डबे आले, नळीला रबरी गळपट्टा, बारीक फटींना फोम. भट्टीच्या धुराड्याभोवती मात्र फोम चालत नाही, तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारा सीलंट. पंख्याचा पाइप इन्सुलेशन गुंडाळून थेट बाहेर.

काही जण विचारतील, एवढं बंद केल्यावर गुदमरत नाही का? तिथे मुख्य दाराला मोठा पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने कमी करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. कॅनडाच्या आर-२००० मानकात ही मर्यादा दीड पट आहे. हवाबंद घराचा एक आद्य प्रयोगही कॅनडातलाच, रेजायना शहरातला, १९७७ सालचा. अशा घरात ताजी हवा यंत्राने घेतात. जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते. ते यंत्र वीज वाचवायला बंद ठेवू नका, असं मुलांना जरूर सांगा. आणि आपल्या भगिनींसाठी: तिथे गेल्यावर कुकर लावताना चुलीवरचा पंखा सुरू करा, आणि तो हवा खरंच बाहेर टाकतो की स्वयंपाकघरातच फिरवतो ते आधी विचारा. कडाक्याच्या थंडीत घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपासच ठेवावी लागते. ओठ फुटतात, पण छप्पर वाचतं.

झाकणाची गंमत राहिली. त्याच्या कडेला स्पंजची पट्टी आणि पाठीला जाड फोमची पाटी लागते, आणि कडी घट्ट. थंडीच्या दिवशी मी देवापुढची उदबत्ती त्याच्याखाली धरली. तीन बाजूंना धूर शांत, चौथ्या बाजूला सरळ फटीत शिरला. पट्टी बदलली.

पुढच्या हिवाळ्यात शिनूक आला तेव्हा मुलीने माळ्यातला फोटो पाठवला. फळ्या कोरड्या, दोन-चार खिळ्यांच्या टोकांवर हिमाचा दाणा, बाकी काही नाही. फोटो फोनमध्ये आहे, चहाच्या वेळी ज्यांना पाहायचा त्यांना दाखवतो.