जवसाच्या तेलात नेमकं काय आहे? अक्षरं मोजली, मग शब्द वाचले

आजचा भाग जरा तेलकट आहे, सांभाळून घ्या.

माझं गाव बपेरा, तुमसर तालुका, जिल्हा भंडारा. पलीकडे लगेच मध्य प्रदेश. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत जवस, लाखोरी फेकतात. घाणीवर काढलेलं जवसाचं तेल घरी खायचं. मागच्या वर्षी घरचं जवस बुडालं, म्हणून मी 'शुद्ध जवस' लिहिलेली बाटली विकत आणली. आजीनं बोटावर थेंब घेतला, चाटला आणि म्हणाली, "हे जवस नोहोय, बापा."

मी म्हटलं, आजी, लेबल आहे ना! तिनं बाटली माझ्याकडे सरकवली आणि चुलीकडे वळली.

आता माझी नोकरी अशी, की लॅबमधल्या मशीनमधून निघणाऱ्या ग्राफवरची शिखरं ओळखायचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. रोज कोणाच्या तरी तेलाचे, औषधाचे ग्राफ बघतो. मग स्वतःच्या घरचं तेल का नाही? एका मित्राच्या लॅबमध्ये थोडं तेल दिलं.

आधी थोडी केमिस्ट्री, लगेच संपवतो. तेलाचा जवळजवळ प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या दांडीला लटकलेली तीन फॅटी ॲसिडं. समजा, तीन अक्षरी शब्द. जवसात सगळ्यात जास्त असतं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३. त्याला 'न' म्हणू. त्याचा भाऊ लिनोलेइक, त्याला 'ल'. साध्या जवसात न साधारण ५० ते ५५ टक्के आणि ल १५ च्या आसपास. सोयाबीनमध्ये उलटं: ल ५३ च्या जवळपास, न जेमतेम ७-८.

पहिली टेस्ट गॅस क्रोमॅटोग्राफीची. यात आधी मिथेनॉल वापरून शब्द फोडतात, अक्षरं सुटी होतात. मग ती गरम वायूसोबत केसासारख्या बारीक, पण कित्येक मीटर लांब नळीतून पळवतात. प्रत्येक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि तेवढं शिखर ग्राफवर उठतं. आमच्या बाटलीत न निघाला ३० च्या आसपास, ल ३४.

मी लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं: भेसळ! अर्धं सोयाबीन!

मित्रानं थांबवलं. म्हणाला, जवसाचं वाणच वेगळं असेल तर? आणि खरंच, भाभा अणुसंशोधन केंद्रानं टीएल-९९ नावाचं जवस काढलंय, त्यात न ५ टक्क्यांहून कमी. न लवकर हवा खातो, तेल खवट होतं, म्हणून मुद्दाम कमी केलेला. म्हणजे नुसता आकडा बघून दुकानदाराला चोर म्हणता येत नाही. मेसेज डिलीट केला. (काकांनी तोवर फॉरवर्ड केला होता, तो भाग वेगळा.)

मग दुसरी टेस्ट, एचपीएलसी. इथं शब्द फोडत नाहीत, अख्खे रेणू द्रवासोबत कॉलममधून जातात. का करायचं? हिशोब बघा. एकाच झाडाच्या बियांत न ३० टक्के असेल आणि अक्षरं साधारण कशीही जुळत असतील, तर 'ननन' शब्द येईल ०.३ गुणिले ०.३ गुणिले ०.३, म्हणजे २.७ टक्के. पण दोन तेलं मिसळली असतील, तर अर्ध्या जवसातले ननन तसेच राहतात: ०.५३ चा घन १५ टक्के, त्याचे अर्धे साडेसात. बाटलीत मिसळल्यानं रेणू एकमेकांत अक्षरं बदलत नाहीत! झाड अगदी फासे टाकल्यासारखं जुळवत नाही, पण इतका फरक लपत नाही. ऑलिव्ह तेलाची भेसळ पकडताना युरोपात असाच हिशोब लावतात: अक्षरांवरून किती शब्द यायला हवेत आणि प्रत्यक्षात किती आले.

इथं माझीच फजिती झाली. 'ललल' आणि 'नलओ' (ओ म्हणजे ओलेइक) कॉलममधून जवळजवळ एकाच वेळी येतात. मीच लिहिलेल्या कोडनं दोन्ही शिखरं एक धरली आणि निकाल गुळमुळीत आला. दोन रात्री घालवून ती वेगळी केली. तेव्हा ननन आणि ललल दोन्ही हिशोबापेक्षा खूपच जास्त दिसले. एक तेल नव्हतं ते, दोन होती.

हां, आणि या साध्या कॉलमला अक्षरांचा क्रम फारसा कळत नाही. कमल आणि कलम त्याला एकच.

पण दुसरं तेल कुठलं? टीएल-९९ सारखं जवस साध्या जवसात मिसळलं तरी शब्द साधारण असेच दिसतील. म्हणून शेवटी तेलातलं व्हिटॅमिन ई पाहिलं. जवसात ते मुख्यतः गॅमा प्रकारचं असतं, सोयाबीनमध्ये डेल्टाही बऱ्यापैकी. आमच्या नमुन्यात डेल्टाचं शिखर ठळक होतं.

दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, मी सीलबंद आणतो, सीलबंद विकतो. खोटं बोलत असेल असं वाटलं नाही. मित्राच्या लॅबचा कागद तक्रारीत पुरावा म्हणून चालत नाही, तेही तेव्हाच कळलं. अन्नसुरक्षा कायद्यानुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, पण विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. म्हणून नवी बाटली घेतली, यावेळी सांगून.

आजीला ग्राफ दाखवला. तिनं मोबाइल लांब धरून बघितला आणि विचारलं, "हे सांगाले तुले किती दिवस लागले?"

तीन आठवडे, आजी.