भाताच्या पानातला राखणदार



बक्षिसं मिळवणाऱ्या सगळ्यांचं मनापासून कौतुक. मला आज बोलायचंय ते एका भुंगेऱ्याविषयी. कोथरूडहून चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं, की पावसाळ्यात मुळशीची भातखाचरं दिसू लागतात. तसल्या खाचरांत हा राहतो. नाव ओफिओनिया इंडिका. डोकं निळसर काळं, मान लांब नि तांबडी, पाठीवर गर्द निळा पट्टा. घाईत पाहिलं तर मुंगळाच वाटेल.

कूळ कॅरॅबिडी. या कुळातले बहुतेक भुंगेरे जमिनीवर धावून शिकार करतात. हा मात्र भाताच्या पानांवर चढतो, कारण त्याचं भक्ष्य तिथं लपलेलं असतं. पाने गुंडाळणारी अळी पानाच्या दोन्ही कडा रेशमी धाग्यांनी जोडून नळी करते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते. पानावर पांढरे पट्टे उमटतात. हा निमुळता शिकारी थेट त्या नळीत शिरतो आणि अळी फस्त करतो. दिवसाला 3 ते 5! त्याची काळी चकचकीत पिल्लंही तेच करतात आणि पुढं बांधाच्या मातीत कोषात जातात. तपकिरी तुडतुडेही तो सोडत नाही.

पांढरे पट्टे दिसले की शेतकरी धास्तावतो, पंप पाठीला लावतो. त्याला मी दोष देणार नाही, वर्षाचं धान्य पणाला लागलेलं असतं. पण लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात भाताचं रोप नवे फुटवे काढून एवढं नुकसान सहज भरून काढतं. फवारणीत मात्र हे राखणदारही मरतात. इंडोनेशियात अशाच फवारण्यांनी तुडतुडे उलट माजले. 1986 मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि तरीही भाताचं उत्पादन कोसळलं नाही.

वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आलेला इंद्रायणी तांदूळ तुम्ही घरोघरी आवडीनं खाता. भात राखणारा हा भुंगेरा पाहायला येत्या श्रावणात शिक्षकांना घेऊन एखाद्या खाचरावर जा. मालकाला विचारून बांधावर उतरा, गुंडाळलेली पानं हलक्या हातानं उलगडा. कुठल्या पानात अळी, कुठल्यात भुंगेरा, ते वहीत लिहा आणि ती वही मालकाला दाखवा. औषध मारायचं की थांबायचं, हे ठरवायला त्याला तोच हिशेब लागतो.