जंजिऱ्याच्या आजूबाजूला

रायगडचा किनारा म्हटला की अलिबागची पुळण आणि मुरूडचा जंजिरा आठवतो. पण त्याच वाटेवर आणखी बरंच काही आहे.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई लागतं. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याला दीपगृह. पोर्तुगीज गेले 1740 च्या सुमारास, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही बोलतात.

पुढे फणसाडचं अभयारण्य. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून संरक्षित. नशिबात असेल तर शेकरू दिसतं.

मुरूडसमोरच्या पद्मदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्यावर लाटांनी दगड झिजले, मधला चुना मात्र टिकून आहे. राजपुरीजवळ खोकरीला जंजिऱ्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांच्या घुमटाकार कबरी आहेत.

तिथून तळा गावाकडे वळलात तर कुडा लेणी लागतात. प्राचीन बौद्ध लेणी, एकूण 26. शिलालेखांत दानकर्ते म्हणून वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी भेटतात.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पद्मदुर्गाला जायचं तर हिवाळाच निवडा. जाताना पाणी सोबत ठेवा, कचरा मात्र परत आणा.