सॅक कुठे फाटते?

पावसाळा ओसरला, डोंगरवाटा वाळल्या, की नवी सॅक घ्यायची टूम निघते. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, "मजबूत आहे ना?" दुकानदार कापड चिमटीत धरून ताणून दाखवतो आणि आपलं समाधान होतं. पण ही परीक्षा भलत्याच जागी घेतलेली असते. सॅक मधल्या कापडात सहसा फाटत नाही. ती उसवते खांद्याच्या पट्ट्यांच्या मुळाशी आणि झिजते तळाच्या कोपऱ्यांवर.

तेव्हा सॅक आधी आतून बघा. पट्टा पाठीला जिथे जोडलाय तिथे एकच सरळ शिवण दिसली, तर ती सॅक परत ठेवून द्या. तिथे एकावर एक मारलेले दाट आडवे टाके हवेत, नाहीतर चौकोनात फुली मारलेली शिवण हवी. आतल्या कडा पट्टी लावून बंद केलेल्या हव्यात. कड मोकळी असेल तर तिचे धागे सुटत जातात आणि मग शिवण कितीही पक्की असली, तरी तिला धरायला कापडच उरत नाही. मोठी चेन दहा वेळा उघडून-मिटून बघा, कोपऱ्यावर अडते का ते बघा. भरल्या सॅकवर चेन बिघडली, तर डोंगरात तिला इलाज नाही.

आता कापडाचं. लेबलवर २१०, ४२०, १००० असे आकडे असतात आणि पुढे 'डेनिअर' लिहिलेलं असतं. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. म्हणून सगळीच सॅक हजार डेनिअरची घ्यावी का? मुळीच नाही, ती रिकामीच जड होईल. अंगाला २१० चालतं, पण तळाला ४२० किंवा त्याहून जाड हवं. आणि नायलॉन घ्या, घासण्याला ते पॉलिएस्टरपेक्षा चांगलं तोंड देतं. आपला सह्याद्री काळ्या, खरखरीत बेसॉल्टचा आहे. सपाटीवरच्या चालीसाठी केलेल्या पातळ सॅका इथल्या कातळावर फार दिवस निभावत नाहीत.

कापडाला भोक बाहेरच्या कातळामुळे पडतं, हे अर्धंच खरं. बाहेर कातळ आणि आत पातेल्याची कड, या दोहोंमध्ये कापड सापडतं तेव्हा ते खरं कापलं जातं. म्हणून तळाशी झोपायची पिशवी किंवा कपडे भरा आणि स्टोव्ह, भांडी कधीही कडेला टेकू देऊ नका. पाणी आणि शिधा पाठीला चिकटून, मध्यावर भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, उन्हाळ्यात चार-पाच लिटर सहज लागतं. हे वजन पाठीपासून लांब गेलं, की सॅक तुम्हाला मागे खेचते आणि पट्ट्यांच्या टाक्यांवरही नको तो ताण येतो.

मापाबद्दल थोडक्यात. दिवसभराच्या भटकंतीला २० ते २५ लिटर पुरतात, एका मुक्कामाला ४० ते ५०. माप तुमच्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर घ्या. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत. दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन भरायला सांगा, जरा चालून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. घालताना सगळे पट्टे सैल सोडून आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. कमरेचा पट्टा दोन्हीकडे लोंबत ठेवून गड चढणारे कितीतरी भेटतात. ते सगळा बोजा खांद्यांवर घेतात आणि संध्याकाळी सॅकला नावं ठेवतात.

प्रस्तरारोहणाची सॅक मात्र वेगळी. लिंगाणा, मदन, तैलबैला अशा ठिकाणी जायचं असेल, तर अरुंद, गुळगुळीत, बाहेर खिसे नसलेली सॅक हवी. डोक्याच्या वर येणारी नको. हेल्मेट तिला अडतं आणि वरची पकड बघायला मान मागे करता येत नाही. कमरेचा पट्टा काढून ठेवता येणारा असावा, नाहीतर तो हार्नेसवर बसतो आणि तिथे अडकवलेल्या कॅराबिनरना हात पोचत नाही. चिमणीतून, म्हणजे अंग जेमतेम मावेल अशा कातळातल्या उभ्या फटीतून, चढताना सॅक पाठीवर ठेवूच नये. वर गेल्यावर दोराने ओढून घ्यावी, पट्टे आत खोचून, वरच्या कडीबरोबर खांद्याचा पट्टाही दोराला बांधून. आणि ही कडी फक्त सॅक उचलण्यासाठी असते. तिच्यावर माणसाचा भार कधीही टाकू नका.

बाजूच्या खिशातली बाटली हा माझ्या रागाचा विषय आहे. हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांवर रांगेने माणसं चढत असतात. वरच्याची भरलेली बाटली निसटली, तर ती खालच्याच्या डोक्यात जाते. अशा जागी बाटली आत, आणि बाहेर लोंबणारे मग, चपला, मॅट सगळं आत. कारवीतून जाताना या वस्तू अडकतात तो त्रास निराळाच.

पावसाचं कव्हर पाठीकडून पाणी अडवत नाही. तळाशी पाणी साठून सॅक जड होते, म्हणून कव्हरला खाली भोक आहे का बघा. खरा भरवसा आतल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीवर ठेवा. सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. साम्रदजवळच्या सांदण दरीत तर ऐन कोरड्या दिवसांतही साठलेल्या पाण्यातून जावं लागतं.

घरी आल्यावर सॅक झटका, सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन नको, कडक ऊनही नको, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. ओली सॅक पलंगाखाली ढकलली, की आतला जलरोधक थर दमटपणाने चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणच्या हवेत हे विशेष घडतं.

आता हंगाम तोंडावर आहे. नवी सॅक घ्यायला निघण्याआधी घरातली जुनी उलटी करून बघा. नुसते टाके गेले असतील, तर चपला-बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून जाड नायलॉनच्या दोऱ्याने ते शिवून घ्या. कापडाचीच चाळण झाली असेल, तरच दुकानात जा.